वन्संचा आवाज आणि पुढची खोली यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, धंदा शिवणकाम (दुकान बंद केले आहे, पण ओळखीच्यांची कंबर अजून सैल करून देते), राहणार याच घरात, आज रोजी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, आणि कोणी शेजारी बसून सांगत नसताना, माझ्या मालमत्तेची माझ्यामागे काय व्यवस्था व्हावी ते लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तीन दिवसांमागे दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला विचारले, आज वार कोणता. मी सांगितले, "सोमवार. आणि तुमच्या कोटाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय." त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

वकीलसाहेबांनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. शिलाई सरळ होती, पण माप माझे नव्हते. कोणाला काय देते ते त्यात होते, का देते ते नव्हते. म्हणून मी तो सगळा उसवला आणि पुन्हा शिवला. वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की कारणे लिहिली की भांडणे होतात. माझा अनुभव असा, की कारणे न लिहिल्याने जास्त होतात. शिवाय एक गोष्ट अशी आहे, की ती मी मेल्यावरच सांगायची मला परवानगी आहे, आणि मेल्यावर बोलायला दुसरा कागद नाही.

कलम १. सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात हे घर मी माझ्या यजमानांच्या पुतण्याला दिले होते. आम्हाला मूलबाळ नाही, आणि पुतण्या तेव्हा वर्षातून दोनदा येऊन तब्येतीची चौकशी करत असे. चौकशी माझ्या तब्येतीची की घराच्या, हे मला नंतर कळले.

माझ्या नणंदबाई, म्हणजे त्याची सख्खी आत्या, वारल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी तो भेटायला आला. पाच मिनिटे मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "काकू, टेप आहे का?" मला वाटले, बाहीबिहीचे काम असेल. मी टेप दिली. त्याने ती भिंतीला लावली.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही काकू, सहज. हे पाडलं तर खाली चार गाड्या आरामात बसतील."

माझी टेप दीडशे सेंटीमीटरची. तिने माणसांच्या छात्या मोजतात, खोल्या नाही. तो बोटाने खूण धरून पुढे पुढे सरकत होता, आणि दर भिंतीला मागचा आकडा विसरत होता. वन्संच्या खुर्चीपाशी आल्यावर त्याने ती खुर्ची पायाने सरकवली. तेवढे मी पाहिले आणि चहा टाकायला उठले होते ती पुन्हा खाली बसले.

ती टेप या कलमान्वये मी पुतण्याला देते. दुसरे काही देत नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये, टेप चांगल्यापैकी आहे.

कलम २. वन्सं कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. माझ्या यजमानांची थोरली बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, लग्न केले नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षे लोकांचे नंबर जोडून दिले. यजमान गेले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. वन्सं मला सोबत म्हणून पंधरा दिवसांसाठी आल्या. हातात एक बॅग, एक छत्री आणि सूर देणारी एक लहानशी शिट्टी. बत्तीस वर्षे राहिल्या. आमचे भांडण झाले की म्हणायच्या, "माझे पंधरा दिवस भरले की जाईन हो मी."

एक्स्चेंजमुळे त्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, आवाज राहत असे. दूधवाल्याबद्दल सांगताना म्हणायच्या, "तो नाही का, मधल्या पट्टीतला, जरासा नाकातून?" आणि त्यांना वेड होते वृंदगानाचे. एकट्याने गायलेले त्यांना सहन होत नसे. त्या म्हणत, "एकट्याने गायचं म्हणजे एकट्याने पत्ते खेळायचे. आपणच वाटायचे, आपणच जिंकायचं."

गावात वृंदगानाचे एक मंडळ होते. शाळेत संगीत शिकवणारे एक मास्तर ते चालवत. वन्सं त्यात शिरल्या आणि वर्षभरात दुप्पट माणसे आणून उभी केली. रस्त्यात, रांगेत, दवाखान्यात, जिथे बरा आवाज कानावर पडेल तिथे त्या माणसाला धरत. दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा वन्संची दाढ काढताना स्वतःशी गुणगुणत होत्या. वन्संच्या तोंडात कापूस आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटे. वन्संनी त्यांचे मनगट पकडले, बोटे बाहेर काढायला लावली, कापूस थुंकला आणि विचारले, "गुरुवारी दुपारी काय करता?" डॉक्टरीणबाई तेव्हापासून वरच्या पट्टीत गातात. दाढ पुढच्या आठवड्यात काढली.

वाचनालयाने वरचा हॉल काढून घेतल्यावर मंडळाच्या तालमी माझ्या पुढच्या खोलीत होऊ लागल्या. मला कोणी विचारले नाही. एका गुरुवारी मी दुकानाची खरेदी करून घरी आले, तर माझ्या शिवणयंत्रावर कोणाची तरी टोपी होती आणि खोलीत वीस माणसे "आ" करून उभी होती.

कलम ३. जुना हिशेब. मास्तरांचा नियम असा, की मंडळात यायचे तर चाचणी द्यायची आणि बेसूर माणसाला घ्यायचे नाही. चाचणी वन्संच घेत, स्वयंपाकघरात, दार लावून. मग बाहेर येऊन मास्तरांना "ठीक आहे" किंवा "नको" एवढेच सांगत. त्या पहिल्याच वर्षी मलाही त्यांनी आत नेले. मी साता सुरांपैकी जेमतेम दोन गायले असतील. वन्सं ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी खाली ठेवली.

"अगं," त्या म्हणाल्या, "तू उभी फार सुंदर राहतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मागच्या रांगेत माझ्या शेजारी उभी राहा आणि फक्त ओठ हलव. कोणाला सांगू मात्र नकोस, मास्तर काढून टाकतील."

त्या दिवसापासून मी ओठ हलवले. मंडळाचे सव्वीस पोशाख मी शिवले, दोनदा रंग बदलला तेव्हा दोनदा शिवले, कार्यक्रमाला पहिली पोचले आणि शेवटी निघाले, आणि त्या सगळ्या वर्षांत एक सूर काढला नाही. मी राग धरला नाही असे या कागदावर लिहिले तर ती खोटी साक्ष होईल. धरला. इस्त्री करताना विशेष करून धरला.

कलम ४. आमच्या भिंतीला भिंत लावून जे गृहस्थ राहतात ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्यामुळे वन्सं त्यांना अनुस्वारकाका म्हणत. त्यांना आमच्या तालमींचा त्रास होई आणि ते लेखी तक्रार करत. अशा एकोणचाळीस तक्रारी माझ्याकडे फाइलमध्ये आहेत. पहिल्या दोन-तीन नुसत्या आवाजाबद्दल आहेत. नंतरच्या पुढीलप्रमाणे: "महोदया, काल सायंकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत अर्धी मंडळी वर गेली व अर्धी खाली राहिली. कृपया एकदा ठरवावे." वन्सं ती पत्रे मास्तरांना न दाखवता वाचत आणि पुढच्या तालमीला नेमकी तीच ओळ पुन्हा घ्यायला लावत. मास्तरांना वाटे, ताईंचा कान काय तिखट आहे!

ही फाइल मी अनुस्वारकाकांना परत करते. इतकी वर्षे आमचे इतके मन लावून कोणी ऐकले नव्हते.

कलम ५. आता ती गोष्ट. हे कलम मास्तरांनी खाली बसून वाचावे.

अकरा वर्षांपूर्वी वन्संच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर त्या पाटीवर लिहून बोलल्या. त्या महिन्यात आमचे भांडण झाले नाही, कारण त्यांचे लिहून होईपर्यंत मी खोलीतून गेलेली असे. मग आवाज आला. जरा घोगरा, पण आला. त्यांनी सगळ्यांना सांगितले, आता मी ठणठणीत, आणि गुरुवारी जाऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या.

मंडळात कोण गाते आणि कोण नाही हे गाणाऱ्याला कळत नाही, त्याच्या कानात त्याचाच आवाज असतो. न गाणाऱ्याला कळते. मला त्या गुरुवारी कळले, की माझ्या डाव्या बाजूने काहीच येत नाही. वन्संचे तोंड उघडत होते, मिटत होते, मान डोलत होती आणि बाजूला अगदी बंद दुकान. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी समोर पाहिले.

सगळे गेल्यावर मी विचारले, "केव्हापासून?"

"ऑपरेशनपासून. बोलायला येतं, सूर लागत नाही. लावायला गेलं की नुसती हवा."

"मग मास्तरांना सांगू या ना. तुम्ही केवढं केलंय मंडळाचं."

"सांग. म्हणजे मला पुढच्या खुर्चीत बसवतील, पाहुणी म्हणून. टाळ्या वाजवायला. मला ऐकायचं नाहीये गं. मला मध्ये उभं राहायचंय."

मी उठले. चहाचे कप उचलले. माझी पाठ होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मला शिकव."

"काय?"

"ओठ हलवायला. तुला तेवीस वर्षांचा अनुभव आहे."

माझ्या आयुष्यात वन्संनी मला काही शिकवायला सांगितले ते हे एकदाच. मी हात पुसले आणि शिकवले. श्वास खरा घ्यायचा, कारण तो खोटा असला की खांदे सांगतात. उंच सुराला भुवया उचलायच्या, दोन्ही. आणि शब्द चोख पाठ हवेत. गाणारा विसरला तर शेजारचे त्याला ओढून नेतात, न गाणारा विसरला की तो एकटाच दिसतो. वन्सं वाईट विद्यार्थिनी होत्या. तोंड एवढे उघडत, की काढलेल्या दाढेची जागा दिसे.

"अहो, एवढं नाही," मी म्हणायची. "खऱ्या गाताना तुम्ही एवढं उघडत होता का?"

"खरी गाताना मी कुठे बघत होते?"

एका दुपारी आम्ही दोघी कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून पूर्ण गाणे म्हणत होतो, अर्थात आवाजाशिवाय. विजेचे मीटर वाचायला आलेला माणूस उघड्या दारातून आत आला. त्याने आम्हाला पाहिले. आम्ही त्याला आरशात पाहिले, पण कडवे अर्धे झाले होते म्हणून थांबलो नाही. तो मीटर न वाचताच गेला. त्या महिन्याचे बिल अंदाजाने आले.

पुढच्या वर्षी मंडळ आंतरशहर स्पर्धेला गेले. दर वर्षी आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळे, म्हणजे येण्याजाण्याचे कष्ट घेतल्याबद्दल. त्या वर्षी दुसरा क्रमांक आला. मास्तर रडले. किल्ल्या बनवणारे आमचे किल्लीवाले, सहा फूट दोन इंच उंच, त्यांनी मास्तरांना उचलले. परतीच्या बसमध्ये परीक्षकांच्या अभिप्रायाचा कागद हातोहात फिरला आणि वन्संकडे आला. त्यांनी वाचला आणि मला दिला. त्यात लिहिले होते: "आवाजांचा मेळ यंदा प्रथमच साधला. यापूर्वी एक स्त्री-आवाज सातत्याने इतरांच्या वर जात असे, तो दोष दूर झालेला दिसतो."

खिडकीबाहेर दुपारचे ऊन होते. पुढे सगळे बक्षिसावरून ओरडत होते. वन्संनी कागद माझ्या हातातून परत घेऊन पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मी शेजारीच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं."

वन्संनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता रडतील. त्यांचे खांदे हलू लागले, आणि त्या हसत सुटल्या, आवाज नाही, नुसती हवा. डोळ्यांतून पाणी. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिले. मीही हसू लागले. लोकांना वाटले, बक्षिसाचा आनंद. थोडा तोही होता.

स्टँड आल्यावर त्या म्हणाल्या, "हे कधीतरी सांगायला हवं गं. मास्तर बिचारे माझ्या आवाजाचं कौतुक करतात, मला लाज वाटते. पण आपण दोघी गेल्यावर सांग. मला त्यांचे चेहरे बघायचे नाहीत. आणि मी नसताना तुलाही एकटीला बघू देणार नाही."

त्याप्रमाणे आता सांगितले.

दोन वर्षांपूर्वी वन्सं गेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होऊन, झोपेत. शोकसभेत मास्तरांनी स्पर्धेतल्या त्याच गाण्याची ध्वनिफीत लावली आणि मध्येच हात वर केला. "ऐका. हा, हा वरचा. हा ताईंचा आवाज." सगळे रडले. डॉक्टरीणबाई तर इतक्या रडल्या, की त्यांना बाहेर न्यावे लागले. "काय आवाज होता ताईंचा!" म्हणत होत्या. डॉक्टरीणबाई, तो आवाज तुमचा होता. मी शेजारून नऊ वर्षे ऐकला आहे. चांगला आहे, आता स्वतःला तसे सांगायला हरकत नाही.

कलम ६. गेल्या वर्षी जे घडले ते काही लोकांना अर्धेच माहीत आहे, म्हणून पुरे लिहिते.

वन्संमागे चाचणी घ्यायला कोणी उरले नाही. मास्तरांनी जाहीर केले, की यंदा मी स्वतः घेणार, सगळ्यांची, सगळ्यांसमोर. मला मुकाट्याने सोडून देता आले असते. गुडघे दुखतात म्हटले असते तर कोणी कारण विचारले नसते. तीन दिवस मी तेच ठरवून होते. चौथ्या दिवशी मनात आले, की ज्या मंडळात आपण कधी गायलोच नाही त्यातून निदान गाऊन तरी बाहेर पडावे.

गुरुवारी मास्तरांनी मागच्या रांगेपासून सुरुवात केली. पहिली मीच होते. त्यांनी पेटीवर सूर दिला. मी गायले.

मास्तरांनी पेटीचे भाते तपासले. मग पुन्हा सूर दिला. मी पुन्हा गायले.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "घसा बसलाय का?"

"नाही. असाच आहे. मास्तर, मी तेहेतीस वर्षांत या खोलीत एक सूर काढलेला नाही. वन्संनी मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, तू उभी सुंदर राहतेस, फक्त ओठ हलव."

मास्तरांनी पेटीचा भाता मिटला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि किल्लीवाले उभे राहिले. आमच्या खर्जाचा खांब म्हणून ते ओळखले जात. मास्तर तालमीत त्यांना कितीदा तरी म्हणत, "किल्लीवाले, थोडं कमी."

"मलापण," किल्लीवाले म्हणाले.

"मलापण काय?"

"ताई म्हणाल्या होत्या, तुम्ही उभे सुंदर राहता. अठरा वर्षं झाली. मास्तर, तुम्ही थोडं कमी म्हणायचात तेव्हा मी तोंड थोडं कमी उघडायचो."

मग एकेक हात वर येऊ लागला. पोस्टातल्या बाई. गाद्यांचे दुकानदार. दोघी जुळ्या, ज्यांना वाटे की निदान दुसरी तरी गाते. एकूण नऊ. प्रत्येकाला तेच वाक्य, तेच स्वयंपाकघर आणि तीच ताकीद, कोणाला सांगू नका. प्रत्येक जण समजत होता, की आपण एकटेच.

मला आधी राग आला, हे मान्य करते. इतकी वर्षे जो अपमान मी माझा म्हणून जपला होता तो माझा एकटीचा नव्हताच, घाऊक होता. मग मी त्या आठ जणांकडे पाहिले. किल्लीवाल्यांची बायको ते मंडळात आले त्याच वर्षी गेली होती. पोस्टातल्या बाई बदली होऊन आलेल्या, ओळखीचे कोणी नव्हते. गाद्यावाल्यांशी त्यांचा मुलगा बोलत नसे. आणि मी. वन्संनी आवाज ऐकून माणसे आणली असे सगळे समजत. अर्धी आणली तशी. उरलेली आवाज न ऐकताच आणली, आणि मास्तरांच्या नियमाने बाहेर जाऊ नयेत म्हणून आपल्या शब्दाची भिंत घालून आत ठेवली.

मास्तर पेटीवर हात ठेवून हिशेब करत होते. "सव्वीस वजा नऊ. म्हणजे ताई असताना सतरा जण गात होते. स्पर्धेतसुद्धा सतरा."

मी तेव्हा गप्प बसले. मास्तर, सोळा.

मग मास्तर म्हणाले, "आता सगळ्यांनी गा. एकदा बघू तरी." आम्ही सव्वीसमधली उरलेली पंचवीसच्या पंचवीस माणसे मोकळ्या गळ्याने गायलो. दुसऱ्या कडव्याला दार वाजले. अनुस्वारकाका, पत्र न लिहिता, स्वतः, पायात एकच चप्पल.

"काय झालं? कोण पडलं?"

त्यांना पाणी देऊन बसवले. ते पूर्ण तालीम बसून राहिले आणि जाताना मास्तरांना म्हणाले, "ह्या नऊ जणांना चाल देऊच नका. एक सूर द्या आणि तोच धरायला सांगा." मास्तरांनी तसे केले. आता बाकीचे गातात आणि आम्ही नऊ जण खाली एकच "सा" धरून असतो. दोन महिने लागले तो धरायला. मला तो लागतो. दर वेळी नाही, पण लागतो, आणि लागला की पायांच्या तळव्यांपर्यंत कळतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला हे कळले. वन्सं, मला वाटले होते मी तुम्हाला हे कधी माफ करणार नाही. इथे लेखी देते, केले.

कलम ७. राहते घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, जिना व वरची गच्ची यांसह, मी वृंदगान मंडळाला देते. बँकेत जे असेल ते छपराची गळती, चहा आणि पेटीची दुरुस्ती या क्रमाने वापरावे. अटी:

घर पाडू नये. कोणाचीही गाडी आत लावू नये.

चाचणीची पद्धत बंद करू नये. ती स्वयंपाकघरातच, दार लावून घ्यावी. निकाल आधीच ठरलेला असावा, आणि तो "ठीक आहे" असा असावा.

वन्संची गाण्याची वह्या-पुस्तके डॉक्टरीणबाईंनी घ्यावीत. या कागदाची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. दात काढताना त्या माणसाचे ओरडणे ऐकून थांबत नाहीत, पुतण्याच्या बाबतीत हा गुण उपयोगी पडेल.

कलम ८. शिवणयंत्र व कात्र्या पोस्टातल्या बाईंना देते. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. मी वरून पाहीन असे म्हणत नाही, पण कापड चावू लागले की कळेलच.

मापांची वही कोणी उघडू नये. तिच्यात मंडळातल्या प्रत्येकाच्या कंबरेचा तीस वर्षांचा इतिहास आहे. न वाचता जाळावी. दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्याआधी मास्तरांनी जाळावी.

किल्लीवाले या कागदावर साक्षीदार आहेत आणि वकीलसाहेब म्हणतात साक्षीदाराला काही देऊ नये, म्हणजे पुढे कटकट नको. म्हणून त्यांना काही दिलेले नाही. त्यांचा हिरवा कोट कोपरात उसवला आहे, तो मी जिवंतपणीच शिवून देईन.

कलम ९. माझ्या जागेबद्दल. वन्सं गेल्यावर मंडळाने मागच्या रांगेतली त्यांची जागा त्यांची आठवण म्हणून रिकामी ठेवली. हेतू चांगला होता. पण वर्षभर सगळे त्या रिकाम्या जागेकडे पाहत गात आणि शेवटच्या कडव्यात हमखास सूर उतरे. मला तर डावीकडे वाराच लागे. कलम सहामधल्या तालमीनंतर मी अनुस्वारकाकांचा हात धरून त्यांना तिथे आणून उभे केले. ते गाता गाता माझे उच्चार सुधारतात, मला राग येतो, आणि सूर उतरत नाही.

म्हणून माझी जागा रिकामी ठेवू नये. फोटो लावू नये, फूल ठेवू नये, खुर्ची ठेवू नये. मी गेल्यावर जो पहिला गुरुवार येईल त्या गुरुवारी तिथे कोणीतरी उभे करावे. गाता येणारे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जे दाराशी आले असेल ते.

वरील सर्व मजकूर वकीलसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो ऐकला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. कलम पाचला ते थांबून पाणी प्यायले, याची नोंद असावी. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, त्यांनी फक्त मला सही करताना पाहिले.

स्थळ: पुढची खोली, शिवणयंत्राचे टेबल
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९, गुरुवार, दुपारी तीन

मृत्युपत्र करणारीची सही: (सही, निळ्या शाईत)

साक्षीदार १: डॉक्टर, दाखला देणारे. (सही. बटणे तपासली, बरोबर आहेत.)

साक्षीदार २: किल्लीवाले. (सही. डोळे पुसायला थांबले, त्यामुळे शाई थोडी पसरली आहे. मजकूर न वाचताच रडले, कारण विचारले तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मृत्युपत्र करताय एवढं पुरे नाही का?" मी म्हटले, अहो, अजून गेलेले नाही, चला, चार वाजायला आले, लोक जिन्यात उभे आहेत.)